सोसायटीच्या हिशेबात काटकसर कुठे संपते आणि कद्रूपणा कुठे सुरू होतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतील चाळीस सदनिकांच्या, सुमारे पंचवीस वर्षे जुन्या इमारतीच्या व्यवस्थापन समितीवर आपण खजिनदार म्हणून नुकत्याच निवडून आल्या आहात. मेंटेनन्स वाढवू नये, जमल्यास कमीच करावा, असा सभासदांचा आग्रह आहे. मागच्या समितीने दहा वर्षे दर वाढू दिला नाही, हा दाखला आपल्याला प्रत्येक बैठकीत ऐकवला जातो. जुने हिशेब चाळताना मात्र काही खर्च आपल्याला इतके कमी दिसले की मागच्या समितीच्या काटकसरीचे कौतुक करावे की काळजी, हेच आपल्याला उमगेना.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी वेगवेगळ्या दप्तरांतून भेटत आला आहे. यासाठी मी एकच कसोटी लावतो. वाचलेला रुपया नेमका कोणी सोसला, हे पाहावे. ज्यांनी वाचवला त्यांनीच स्वतःची हौस, सोय किंवा आळस थोडा कमी केला असेल, तर ती काटकसर होय. वाचवणाऱ्यांचे काहीच उणे झाले नाही आणि तोशीस मात्र दुसऱ्याला पडली, मग तो दुसरा वरच्या मजल्यावरचा शेजारी असो, फाटकावरचा पहारेकरी असो किंवा पाच वर्षांनी येथे घर विकत घेणारा अनोळखी माणूस असो, तर तो कद्रूपणा होय. रक्कम लहान की मोठी यावर हे ठरत नाही. पाच लाखांची बचत निखळ काटकसर असू शकते, आणि पाचशे रुपये वाचवण्यात शुद्ध कद्रूपणा असू शकतो.

आधी काटकसरीबद्दल लिहितो, कारण ती शक्य आहे आणि आपल्या इमारतीतही तिला भरपूर वाव असणार. खऱ्या काटकसरीची ओळख अशी की तिला श्रम लागतात. जिन्यातील आणि वाहनतळावरील जुन्या ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट वीज घेतात. त्यांच्या जागी २० वॅटच्या एलईडी लावल्या आणि त्या रोज बारा तास जळतात असे धरले, तर एका दिव्यामागे वर्षाला सुमारे १३१ युनिट वाचतात, म्हणजे चाळीस दिव्यांमागे पाच हजारांहून अधिक. प्रकाश तितकाच राहतो आणि कोणाचेही काही हिरावले जात नाही. मात्र त्यासाठी कोणीतरी दिवे मोजावे लागतात, तीन ठिकाणी भाव विचारावे लागतात आणि दिवे खरोखर त्या वॅटचे आहेत की नाही हे पाहावे लागते. सामायिक वापरासाठी छतावर सौरऊर्जा बसवायची असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. तोही पर्याय तपासावा, परंतु छताची गळती पूर्ण थांबवल्यानंतरच, कारण पॅनेलच्या खांबांखाली पुन्हा वॉटरप्रूफिंग करणे फार अवघड जाते.

पाण्याच्या बाबतीत तर समित्या अक्षरशः डोळ्यांवर कातडे ओढून बसतात. मे महिन्यात टँकरची बिले दिसू लागली की सभासद एकमेकांच्या गाड्या धुण्यावरून भांडतात, पण जमिनीखालची टाकी तपासायला कोणी उतरत नाही. तपासणी अगदी साधी आहे. रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, टाकीत येणारा नळ आणि पंपाकडे जाणारा व्हॉल्व्ह दोन्ही बंद करावेत, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेपाशी खूण करावी आणि पहाटे पंप सुरू होण्याआधी टॉर्च घेऊन पुन्हा पाहावे. मी पाहिलेल्या एका इमारतीत पाणी खुणेच्या चांगले चार बोटे खाली गेलेले होते. महापालिकेचे मोजून घेतलेले पाणी रोज रात्री जमिनीत मुरत होते आणि दिवसा त्याच संस्थेत टँकर येत होते. त्या समितीच्या सचिवांनी टाकी रिकामी करून घेतली, सांधे भरून घेतले, छतावरील टाकीचा बॉलकॉक बदलला आणि टँकर जवळजवळ बंद झाले. हे काम करताना त्यांना दोन दिवस रजा काढावी लागली आणि सर्वांना एक दिवस पाणी जपून वापरावे लागले. इथे तोशीस वाचवणाऱ्यांनीच सोसली, म्हणून मी याला काटकसर म्हणतो.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. दहा वर्षे मेंटेनन्स वाढला नाही, ही गोष्ट ऐकली की मी प्रथम दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचा निधी) यांची खाती उघडतो, आणि आपणही तेथूनच सुरुवात करावी. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार, दुरुस्ती व देखभाल निधीचा दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो, मात्र तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये, आणि सिंकिंग फंड जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के असावा लागतो. समजा, आपल्या इमारतीत बांधकामाच्या वेळी प्रत्येक सदनिकेचा बांधकाम खर्च तीन लाख रुपये होता. मग प्रत्येकाकडून वर्षाला २,२५० अधिक ७५०, म्हणजे ३,००० रुपये जमा व्हायला हवेत. चाळीस सदनिकांचे १,२०,००० रुपये होतात आणि पंचवीस वर्षांत व्याज सोडूनही तीस लाख. ही किमान मर्यादा आहे, आणि ती बांधकामाच्या वेळच्या खर्चावर बेतलेली असल्याने आजच्या सिमेंट, सळई आणि मजुरीच्या भावांपुढे अपुरीच पडते. एवढेही जमा झालेले नसेल, तर दहा वर्षे दर वाढला नाही या अभिमानाच्या गोष्टीचा अर्थ असा होतो की दहा वर्षे इमारत वापरली गेली आणि तिच्या झिजेचे पैसे कोणीच भरले नाहीत.

ते पैसे माफ झालेले नसतात. मोठ्या दुरुस्तीची वेळ आली की ते एकरकमी वर्गणीच्या रूपाने येतात, आणि तेव्हा सभासदांच्या यादीत बरीच नावे बदललेली असतात. जो पंधरा वर्षे राहिला आणि चांगल्या भावात घर विकून गेला, त्याने कमी मेंटेनन्सचा लाभ घेतला. ज्याने मागच्या वर्षी गृहकर्ज काढून तेच घर घेतले, त्याच्या हातात पहिल्याच वर्षी पाऊण लाखाची मागणी पडते. मी दप्तर तपासताना वर्गणीच्या थकबाकीदारांत असे नवे सभासद वारंवार पाहतो, आणि सभेत मात्र त्यांनाच असहकार करणारे म्हणून सुनावले जाते. हा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यांनी स्वतःला काटकसरी म्हणवून घेतलेले असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हाच प्रकार छताच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसतो. एका संस्थेच्या जमाखर्चात दर वर्षी जून महिन्यात ‘टेरेस डांबर पॅच’ अशी एक नोंद मला आढळत असे. रक्कम दर वर्षी थोडीशीच, त्यामुळे सभेत कधी प्रश्न आला नाही. उलट शेजारच्या इमारतीने संपूर्ण वॉटरप्रूफिंगवर लाखो रुपये घातले आणि आपण काही हजारांत भागवले, असे अभिमानाने सांगितले जाई. मी सचिवांना विनंती करून सर्वांत वरच्या मजल्यावरील एका सदनिकेत गेलो. तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंनी दिवाणखान्यातील पलंग भिंतीपासून ओढून मधोमध आणला होता. छतावर पिवळ्या कडांचे मोठे डाग होते. स्वयंपाकघरात प्लास्टर हातभर सुटून पडले होते आणि आतल्या सळया तांबूस, खवले सुटलेल्या दिसत होत्या. पावसाळ्यात पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकते म्हणून त्या चार महिने पंखाच लावत नसत. खालच्या मजल्यांवरील सभासदांनी वाचवलेले पैसे त्या बाईंच्या घरातून वसूल होत होते.

यात केवळ त्यांच्या गैरसोयीचा प्रश्न नव्हता. काँक्रीटमध्ये पाणी आणि हवा शिरली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे सळईभोवतीचे काँक्रीट आतून फुटते. फुटलेल्या भेगेतून पुढच्या पावसात आणखी पाणी जाते. वरून डांबर ओतल्याने पाणी काही महिने थांबते, पण आत सुरू झालेले गंजणे त्याने थांबत नाही. पुढे जेव्हा काम निघते तेव्हा ते छताच्या वॉटरप्रूफिंगपुरते राहत नाही, तर स्लॅबच्या दुरुस्तीचे होते आणि त्याचे अंदाजपत्रक कोणत्याही समितीचा घसा कोरडा करणारे असते. आदर्श उपविधींमध्ये पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतींचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञाकडून तपासणी, सांगितले आहे ते यासाठीच. आपली इमारत पंचवीस वर्षांची आहे, म्हणजे आतापर्यंत दोन अहवाल दप्तरात असायला हवेत. ते नसतील तर त्याचे शुल्क वाचवले गेले आहे, आणि त्या बचतीला मी कोणत्याही हिशेबाने काटकसर म्हणू शकत नाही.

कोटेशनबद्दल थोडेच लिहितो, कारण येथे बहुतेक समित्या निदान कागद तरी नीट ठेवतात. तीन कोटेशने मागवून सर्वांत कमी रकमेचे स्वीकारले म्हणजे काटकसर झाली, असा समज सर्वत्र आहे. तिन्ही ठेकेदारांना कामाचे एकच लेखी वर्णन दिलेले नसेल, तर त्या तीन रकमांची तुलनाच होऊ शकत नाही. एकाने प्लास्टर पूर्ण फोडून सळई साफ करून, गंजरोधक लावून नवे प्लास्टर धरलेले असते आणि दुसऱ्याने नुसती भेग भरून रंग धरलेला असतो. अभियंत्याकडून कामाचे परिमाणपत्रक, म्हणजे कोणते काम किती करायचे याची तपशीलवार यादी, करून घेण्याचे शुल्क सभासदांना फुकटचे वाटते, पण माझ्या अनुभवात एवढ्या थोड्या पैशांत एवढा मोठा अपव्यय टाळणारा दुसरा खर्च नाही. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, विम्याचा हप्ता आणि अग्निशमन यंत्रणेची तपासणी या तीन खर्चांना कात्री लावण्याचा विचारही समितीने करू नये. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि आगीचा व भूकंपाचा विमा उपविधींनीच आवश्यक ठरवला आहे.

आता ज्या विषयावर मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते, तो म्हणजे इमारतीसाठी राबणारी माणसे. सभेत मेंटेनन्स कमी करण्याची सूचना आली की पहिली नजर पहारेकरी आणि सफाई कामगार यांच्या पगारावर जाते, कारण ती माणसे सभेत बसलेली नसतात. किमान वेतनापेक्षा कमी दराने माणूस देणारा ठेकेदार निवडला जातो. त्या दरात भविष्यनिर्वाह निधी बसत नाही, साप्ताहिक सुट्टी बसत नाही आणि बारा तासांची पाळी गृहीतच धरलेली असते, हे समितीला कळत नसते असे मला वाटत नाही. साधी बेरीज केली तरी ते कळते. पहारेकऱ्याला स्वच्छतागृह नाही, बसायला मोडकी खुर्ची आहे, पावसाळ्यात चौकीत पाणी येते, आणि त्याच वर्षी त्याच संस्थेच्या प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट बसवलेले असते. चाळीस घरांनी दरमहा पन्नास रुपये अधिक दिले तर दोन हजार रुपये होतात आणि एका माणसाचे महिन्याचे गणित त्याने सुधारते. ते पन्नास रुपये न देण्याने चाळीसपैकी एकाही घराचे काही वाचत नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्या घरात आपण जाणतो, पण संस्थेच्या सभेत विसरतो. खर्च खरोखर कमी करायचा असेल, तर दिवसाचे दोन पहारेकरी लागतात का, एक प्रवेशद्वार बंद ठेवता येईल का, असा विचार करावा आणि जी माणसे ठेवायची त्यांना कायद्याप्रमाणे पूर्ण पगार द्यावा. फाटकाला थोडे वळसे घालून जाण्याची गैरसोय मग सभासद स्वतः सोसतात.

सेप्टिक टँकच्या नोंदीवर तर मी नेहमी थांबतो. आपल्या भागात अनेक जुन्या इमारतींना अजूनही सेप्टिक टँक आहेत, म्हणून हे आपण विशेष लक्ष देऊन वाचावे. यंत्राने मैला उपसणाऱ्या गाडीचे रीतसर बिल दप्तरात नसेल आणि त्याजागी ‘टँक सफाई, रोख’ अशी बिनपावतीची छोटी रक्कम असेल, तर कोणीतरी माणूस आत उतरवला गेला आहे असे समजून चौकशी करावी. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथील एका गृहसंस्थेचा सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार गुदमरून मरण पावले. टाकीत साचणारे वायू काही क्षणांत शुद्ध हरपवतात आणि वाचवायला उतरणाराही बहुधा वर येत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास बंदी घातली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. पण शिक्षेच्या भीतीने हे टाळावे असे मला म्हणायचे नाही. गाडीचे आणि मजुराचे दर यांत जो काही हजारांचा फरक पडतो, तो वाचवण्यासाठी कोणाचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही समितीला कोणत्याही ठरावाने मिळू शकत नाही.

इतके लिहिल्यावर दुसऱ्या बाजूचाही एक धोका सांगितला पाहिजे. खर्चाला नकार देणाऱ्या प्रत्येक खजिनदाराला चिकट म्हणण्याची सभासदांना सवय असते, आणि तो शब्द आपल्याला चिकटू नये म्हणून काही भली माणसे नको त्या खर्चाला होकार देतात. प्रवेशकक्षाचे नूतनीकरण, लिफ्टच्या केबिनला आरसे, दर वर्षी वाढत जाणारे उत्सवाचे मंडप, यांना नाही म्हणण्यात कद्रूपणा अजिबात नाही. मला आवडलेल्या एका समितीने लिफ्टच्या केबिनचे विटलेले लॅमिनेट वर्षानुवर्षे तसेच ठेवले होते, पण दोर आणि कंट्रोलर तंत्रज्ञाने सांगितल्या महिन्यातच बदलले. पाहुण्यांसमोर सभासदांना थोडे ओशाळे वाटत असेल, तर तेवढे त्यांनी सोसले. तळमजल्यावरील सभासद लिफ्टचा खर्च द्यायला कुरकुर करतात तेव्हाही आपण ठाम राहावे. उपविधींप्रमाणे तो खर्च वापर असो वा नसो सर्वांवर समान आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या माणसाने त्याचा भार एकट्याने उचलावा ही अपेक्षा योग्य नाही.

आपण शेवटी विचारले आहे की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांचे काय करावे. हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला कद्रूपणाचे नाव देऊन उडवून लावणे क्रूरपणाचे होईल. ज्याच्या हातात महिन्याला मोजकीच रक्कम येते, त्याचा वाढीला विरोध पै-पैचा हिशेब करून केलेला असतो. अशा घरांसाठी सर्वांत मोठी मदत म्हणजे अचानक मोठी मागणी येऊ न देणे. निधीचा दर एकदम दुप्पट करण्याऐवजी तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवावा, मोठ्या कामाची वर्गणी निघालीच तर हप्ते द्यावेत आणि त्या हप्त्यांवरील व्याजाबाबत सभेने सर्वांसाठी सारखाच सवलतीचा निर्णय घ्यावा. मात्र काही घरांसाठी निधीच जमा करू नये ही मागणी मान्य करू नये, कारण स्लॅब पडायला आला तर सर्वांत आधी बेघर होण्याची भीती त्यांनाच असते. भाड्याने दुसरीकडे जाण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नसतात.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवाढीचा ठराव मांडताना नुसता नवा आकडा मांडू नये. एक पानी पत्रक करावे. त्यात दिवे, पंप आणि पाणी यांतून समितीने स्वतःच्या श्रमाने काय वाचवले ते आधी लिहावे, मग दोन्ही निधींमध्ये आज किती शिल्लक आहे आणि किमान दराने किती असायला हवी होती ते शेजारी शेजारी द्यावे, आणि शेवटी कामगारांच्या पगारात कायद्याप्रमाणे किती वाढ करावी लागेल ते स्पष्ट लिहावे. मागच्या समितीवर टीका करण्याची गरज पडणार नाही. आकडे पुरेसे बोलके असतात, आणि त्या समितीतील माणसे आपले शेजारीच आहेत. सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागतेच. हे पत्रक त्या सूचनेसोबतच प्रत्येक घरी पोहोचवावे आणि ज्यांना आकडे पडताळून पाहायचे असतील त्यांच्यासाठी व्हाउचरची फाइल त्या पंधरवड्यात कार्यालयात ठरावीक वेळी खुली ठेवावी.